पाय ४ आणि एका रेझिस्टरची काटकसर: टाइप-सीमध्ये देणारा कोण, घेणारा कोण हे ठरतं कसं

रास्पबेरी पाय ४, म्हणजे एकाच छोट्या बोर्डवरचा स्वस्त कॉम्प्युटर, बाजारात आला २४ जून २०१९ ला. एक जीबी रॅमवाला ३५ डॉलरला, आधीच्या पायपेक्षा बराच फास्ट, दोन मॉनिटर चालवणारा, आणि पॉवरसाठी पहिल्यांदाच टाइप-सी पोर्ट. थोड्याच दिवसांत काही लोकांना एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. लॅपटॉपसोबत आलेला दणकट टाइप-सी चार्जर आणि जाडजूड केबल लावली की बोर्ड चालूच होत नाही, लाल लाइटसुद्धा लागत नाही, आणि तोच बोर्ड मोबाइलच्या साध्या चार्जरला जुन्या ए-टू-सी केबलने (एका टोकाला जुना चपटा यूएसबी प्लग, दुसऱ्याला टाइप-सी) जोडला की लगेच बूट होतो. केबल उलटी फिरवून लावा, काही फरक नाही. तोच चार्जर, तीच केबल लॅपटॉपला लावा, व्यवस्थित चार्जिंग सुरू.

म्हणजे चार्जर चांगला, केबल चांगली आणि बोर्डही चांगला, फक्त तिघं एकत्र आले की काहीच होत नाही. आणि यातही जास्त खटकणारी गोष्ट ही की केबल जितकी भारी तितकी अडचण नक्की, स्वस्तातली केबल घेतली तर सगळं सुरळीत.

हे प्रकरण मला नीट, तपशिलात लिहायचंय, कारण दोन डिव्हाइस जोडल्या जोडल्या आपापसात भूमिका कशा ठरवतात हे समजून घ्यायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही. बहुतेक लोकांना वाटतं की हे ठरवाठरवीचं काम एखादी चिप करते, सॉफ्टवेअर करतं, काहीतरी मेसेज जातात येतात. ते सगळं नंतर होतं. पहिला निर्णय होतो तो साध्या रेझिस्टरवर, आणि पाय ४ मध्ये गडबड झाली ती बरोबर तिथेच.

थोडं मागे जाऊ. १९९६ मध्ये यूएसबी आलं तेव्हा भूमिका ठरवायची गरजच नव्हती, ती प्लगच्या आकारातच होती. चपटा ए प्लग कॉम्प्युटरच्या बाजूला, चौकोनी बी प्लग प्रिंटरच्या बाजूला. ए म्हणजे मालक, वीजही तोच देणार आणि बोलणंही तोच सुरू करणार. चुकीचं जोडायचं म्हटलं तरी भोकात बसणार नाही. मग २००१ मध्ये ओटीजी आलं कारण कॅमेरा थेट प्रिंटरला जोडावा, पुढे मोबाइलला पेन ड्राइव्ह लावावा असं लोकांना वाटायला लागलं, आणि मोबाइल कधी मालक तर कधी नोकर अशी वेळ आली. तेव्हा कनेक्टरमध्ये आयडी नावाची एक जास्तीची पिन घातली. ती ग्राउंडला जोडलेली दिसली तर तू होस्ट, म्हणजे मालक, मोकळी दिसली तर तू डिव्हाइस, म्हणजे नोकर. ती छोटीशी ओटीजी केबल आठवत असेल ना, तिच्या मायक्रो प्लगमध्ये आयडी आणि ग्राउंड एकत्र जोडलेले असायचे, एवढंच तिचं रहस्य. तरीपण भूमिका अजूनही केबलच्या कुठल्या टोकाला तुम्ही आहात यावरच अवलंबून होती.

टाइप-सीचं स्पेसिफिकेशन ऑगस्ट २०१४ मध्ये आलं आणि ते सगळं मोडलं. दोन्ही टोकं सारखी, प्लग सुलटा उलटा कसाही लावा. वापरणाऱ्याला मस्तच, पण आता आकार काहीच सांगत नाही. चार्जरला सी, लॅपटॉपला सी, मोबाइलला सी, मॉनिटरला सी, पॉवर बँकेला सी. समजा दोन पॉवर बँका एकमेकींना जोडल्या आणि दोघींनीही सरळ पाच व्होल्ट सोडले तर? म्हणून स्पेसिफिकेशनने एक कडक नियम घातला: सी सॉकेटवर जोपर्यंत समोर घेणारा आहे याची खात्री होत नाही तोपर्यंत वीज सोडायचीच नाही. जुन्या ए पोर्टवर पाच व्होल्ट कायम असायचे, सी पोर्टवर रिकामा असताना काहीच नसतं. मल्टिमीटर लावून बघा, चांगल्या सी चार्जरच्या पॉवरच्या पिनवर शून्य दिसेल आणि चार्जर खराब आहे असं वाटेल.

मग खात्री होते कशी? सॉकेटमध्ये २४ पिना असतात, त्यातल्या दोन, ए५ आणि बी५, या सीसी१ आणि सीसी२, म्हणजे समोर कोण आहे ते ओळखायच्या पिना. सी-टू-सी केबलमध्ये मात्र सीसीची तार एकच असते. प्लग सुलटा लावला तर ती सीसी१ ला भिडते, उलटा लावला तर सीसी२ ला. त्यामुळे कुठल्या पिनवर समोरचा सापडला यावरून प्लग कुठल्या बाजूने लागलाय हेही कळतं.

देणारा, म्हणजे सोर्स, आपल्या दोन्ही सीसी पिना वर, पॉझिटिव्ह व्होल्टेजकडे, खेचून धरतो, याला आरपी म्हणतात. घेणारा, म्हणजे सिंक, आपल्या दोन्ही सीसी पिना ५.१ के (किलोओहम) च्या रेझिस्टरने ग्राउंडकडे खाली खेचून धरतो, हा आरडी. केबल जोडली की वर खेचणारा आणि खाली खेचणारा एकाच तारेवर येतात आणि मधे एक ठरावीक व्होल्टेज तयार होतं. सोर्स ते व्होल्टेज बघतो, साधारण १०० ते २०० मिलिसेकंद ते स्थिर आहे का हे तपासतो आणि मगच पाच व्होल्ट सोडतो.

आरपीमध्ये अजून एक निरोप असतो. सोर्स किती अँपिअर देऊ शकतो ते आरपीच्या जोरावरून कळतं. साधा यूएसबी करंट असेल तर तो सीसीच्या तारेवर ८० मायक्रोअँपिअर सोडतो, दीड अँपिअर देणारा असेल तर १८०, तीन अँपिअरवाला असेल तर ३३०. हाच निरोप रेझिस्टरनेही देता येतो, पाच व्होल्टला जोडलेला ५६ के, २२ के किंवा १० के. समोर ५.१ के असला की तारेवर अनुक्रमे सुमारे ०.४१, ०.९२ आणि १.६८ व्होल्ट येतात, आणि घेणाऱ्याला ते वाचून कळतं की आपल्याला किती ओढायची परवानगी आहे. एका तारेवरच्या एका व्होल्टेजमधून 'मी देणारा, तू घेणारा, प्लग या बाजूने लागलाय, आणि एवढे अँपिअर मिळतील' इतकं सगळं ठरतं, आणि अजून एकही डिजिटल मेसेज गेलेला नसतो. मला हे डिझाइन फार आवडतं, खरंच.

यातला सगळ्यात शहाणपणाचा भाग म्हणजे आरडीला वीज लागत नाही. बॅटरी पूर्ण मेलेला फोन विचार करा, त्याला चार्जरला सांगायचंय की मी घेणारा आहे, पण सांगायला त्याच्याकडे वीजच नाही, आणि सांगितल्याशिवाय चार्जर वीज सोडणार नाही. रेझिस्टर मात्र मेलेल्या फोनमध्येही रेझिस्टरच असतो. म्हणून फोनमधल्या टाइप-सी चिपमध्येसुद्धा अशी खास सोय असते की चिपला वीज नसताना दोन्ही सीसीवर आरडी दिसत राहावा.

फोन आणि लॅपटॉपसारखी डिव्हाइसेस दोन्ही भूमिका करू शकतात. ती जोडीदार सापडेपर्यंत आळीपाळीने कधी आरपी दाखवतात कधी आरडी, एक पूर्ण फेरी ५० ते १०० मिलिसेकंदांची. दोन असे फोन एकमेकांना जोडले तर एक वेळ अशी येते की एकाचा आरपी आणि दुसऱ्याचा आरडी समोरासमोर येतात आणि तिथे भूमिका पक्की होते. कोण देणारा होईल ते तसं नशिबावरच. म्हणून तर कधी कधी फोनच पॉवर बँकेला चार्ज करायला लागतो. हे टाळायला डिव्हाइसला आपली आवड सांगायची सोय आहे, पॉवर बँक 'मी शक्यतो देणारा' म्हणते, फोन 'मी शक्यतो घेणारा' म्हणतो, आणि मग पहिल्यांदा उलटं जुळलं तरी ते एकदा बदलून बघतात.

सुरुवातीला जो वीज देतो तोच डेटाचाही मालक, हा नियम. पण तो नंतर बदलता येतो. मॉनिटर लॅपटॉपला एकाच केबलने चार्जही करतो आणि लॅपटॉपचं चित्रही दाखवतो, तिथे वीज देणारा मॉनिटर आणि होस्ट मात्र लॅपटॉप. ही अदलाबदल पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, नावाच्या भाषेत होते, त्याच सीसी तारेवर सुमारे ३०० किलोबिट प्रति सेकंद वेगाने. पण हे संभाषण सुरू व्हायला आधी रेझिस्टरवाली पायरी पार पडलेली असावी लागते.

आता केबलकडे येऊ, कारण या प्रकरणात तिसरा गडी तोच आहे. पाच अँपिअरची किंवा हाय-स्पीड डेटाची सी-टू-सी केबल असेल तर तिच्यात स्वतःची एक छोटी चिप असावी लागते, ई-मार्कर. ती चार्जरला सांगते की मी इतक्या अँपिअरला चालते. त्या चिपला वीज हवी, ती कुठून येणार? तर सीसीची तार एकच असल्यामुळे प्लगमधली दुसरी सीसीची जागा मोकळी असते, तिचा वापर केबलच्या चिपला वीज द्यायला करतात, तिला व्हीकॉन म्हणतात. आणि 'इथे वीज लागणारी केबल आहे' हे कळावं म्हणून तिथे अंदाजे १ के चा रेझिस्टर दिसतो, ८०० ओहम ते १.२ के च्या मधला. हा आरए. केबलच्या दोन्ही टोकांना तो दिसतो.

त्यामुळे चार्जरला आपल्या दोन सीसी पिनांवर काय काय दिसू शकतं बघा. एकावर आरडी आणि दुसरी मोकळी, म्हणजे साधी केबल आणि पलीकडे घेणारा. एकावर आरडी आणि दुसरीवर आरए, म्हणजे ई-मार्कर केबल आणि पलीकडे घेणारा. एक मोकळी आणि एकावर आरए, म्हणजे नुसतीच ई-मार्कर केबल लोंबकळतेय, पलीकडे कोणी नाही. दोन्हीवर आरडी असेल तर ते डीबगिंगचं अवजार. आणि दोन्हीवर आरए असेल तर ते हेडफोनचं ॲडाप्टर, टाइप-सीतून साधा ॲनालॉग आवाज बाहेर काढणारं. हेडफोनच्या ॲडाप्टरला चार्जरने वीज सोडायचं काही कारण नाही, म्हणून चार्जर गप्प बसतो.

आता पाय ४ मध्ये काय केलं होतं ते. दोन्ही सीसी पिना बोर्डवर एकमेकींना जोडून टाकल्या होत्या आणि दोघींना मिळून एकच ५.१ के लावला होता.

कागदावर हा विचार पटतो हो. केबलमध्ये सीसीची तार एकच आहे, म्हणजे कुठल्याही क्षणी एकाच पिनचा उपयोग होणार, दुसरी हवेत, मग दोघींना एकच रेझिस्टर दिला तर काय बिघडलं? साध्या केबलने जोडलं तर खरंच काही बिघडत नाही. चार्जरला एका पिनवर बरोबर ५.१ के दिसतो, दुसरी मोकळी दिसते, सगळं नियमात.

पण ई-मार्कर केबल आली की तिच्या प्लगमधली दुसरी जागा मोकळी नसते, तिथे आरए असतो. बोर्डवर दोन्ही पिना एकत्र जोडलेल्या असल्यामुळे केबलचा तो १ के आणि बोर्डचा ५.१ के समांतर जोडले जातात. गणित सोपं आहे, ५.१ गुणिले १ भागिले ६.१, म्हणजे सुमारे ०.८४ के, अंदाजे ८४० ओहम. चार्जर सीसीच्या तारेवरून बघतो तेव्हा त्याला ५.१ के च्या जागी हे ८४० ओहम दिसतात, आणि ती किंमत बरोबर ८०० ते १२०० च्या पट्ट्यात बसते, आरएच्या पट्ट्यात.

व्होल्टेजमध्ये बघितलं तर अजून स्पष्ट होतं. तीन अँपिअरवाला चार्जर ३३० मायक्रोअँपिअर सोडतो. खरा आरडी असता तर १.६८ व्होल्ट आले असते. इथे येतात ०.२८ च्या आसपास. चार्जरची सीमारेषा ०.८ ला आहे, त्याच्या खाली म्हणजे आरए. साध्या करंटवाल्या सोर्सला ०.४१ च्या जागी ०.०७ दिसतात, त्याची सीमारेषा ०.२, तिथेही तेच उत्तर. म्हणजे हे काही काठावरचं, कधी चालेल कधी नाही असं प्रकरण नाही, सीमारेषेपासून बरंच आत, ठामपणे चुकीच्या बाजूला. केबलमधला आरए वरच्या टोकाला, १.२ के चा असला तरी समांतर किंमत ०.९७ के येते, तरी आरएच.

आणि चार्जरच्या स्वतःच्या बाजूच्या दुसऱ्या पिनवर केबलच्या त्या टोकाचा आरए असतोच. दोन्हीवर आरए. चार्जर निष्कर्ष काढतो की पलीकडे हेडफोनचं ॲडाप्टर आहे आणि वीज सोडत नाही. केबल उलटी फिरवून उपयोग का नव्हता तेही यातच आलं, बोर्डवर दोन्ही पिना एकच असल्यामुळे कुठूनही बघितलं तरी तेच चित्र.

मला इथे चार्जरची बाजू घ्यायची आहे, कारण त्या वेळी बऱ्याच लोकांनी चार्जरला नावं ठेवली, 'पाच व्होल्ट सोडायला काय जातं' वगैरे. चार्जरने नियमाप्रमाणे जे करायला हवं होतं तेच केलं. त्याला सांगितलं गेलं की मी हेडफोन ॲडाप्टर आहे, त्याने वीज दिली नाही. समोर कोण आहे याची खात्री नसताना वीज रोखून धरणं हीच त्याची नोकरी आहे, आणि तो ती करतो म्हणूनच आपण दोन सोर्स निर्धास्तपणे एकमेकांना जोडू शकतो.

हे सगळं उघडकीला आलं ते एका स्वतंत्र इंजिनियरमुळे. रास्पबेरी पायने बोर्डचा थोडा संक्षिप्त का होईना पण सर्किट डायग्राम प्रसिद्ध केला होता, त्याने तो बघितला, सीसीच्या दोन पिना एकत्र गेलेल्या पाहिल्या आणि वर सांगितलेला हिशोब मांडून लिहिला. बोर्ड बाजारात येऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. पुढे गूगलमधले इंजिनियर बेन्सन ल्युंग यांनीही यावर सविस्तर लिहिलं. टाइप-सी केबल तपासण्यासाठी त्यांचं नाव २०१५ पासून प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं, प्रत्येक सीसी पिनला तिचा तिचा ५.१ के द्या, स्पेसिफिकेशनमध्ये आकृती दिलेली आहे तशीच्या तशी काढा, त्यात स्वतःची अक्कल लावायची जागा नाही.

जुलै २०१९ मध्ये रास्पबेरी पायचे संस्थापक एबेन अप्टन यांनी हे मान्य केलं. स्मार्ट चार्जर आणि ई-मार्कर केबल असेल तर पाय ४ ला ऑडिओ ॲडाप्टर समजलं जातं आणि वीज मिळत नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं, पुढच्या बोर्डमध्ये दुरुस्त होईल असंही सांगितलं, आणि इतकं फील्ड टेस्टिंग करूनही हे सापडलं नाही याचं आश्चर्यही बोलून दाखवलं. तोपर्यंतचे उपाय: कंपनीचा स्वतःचा ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर वापरा, त्याची केबल अडॅप्टरलाच जोडलेली असते आणि तिच्यात ई-मार्कर नाही. नाहीतर ए-टू-सी केबल वापरा, नाहीतर ई-मार्कर नसलेली साधी सी-टू-सी. एवढ्या लवकर आणि स्पष्टपणे कबूल करणारी कंपनी विरळाच, हे मला त्यांच्या बाजूने नोंदवावंसं वाटतं. आणि सर्किट डायग्राम प्रसिद्ध केलेला नसता तर लोक बराच काळ चार्जर बदलत बसले असते.

दुरुस्ती रिव्हिजन १.२ च्या बोर्डात आली, फारसा गाजावाजा न करता, आणि २०२० च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आलं की नवीन बोर्ड वेगळा आहे. तुमच्याकडे कुठला आहे ते बघायचं तर पाय चालू करून सीपीयूची माहिती काढा, रिव्हिजनचा जो कोड येतो त्याचा शेवटचा आकडा बघा. चार जीबीवाल्याचा कोड ०३१११ ने संपत असेल तर जुना, ०३११२ ने संपत असेल तर दुरुस्त केलेला. मे २०२० मध्ये आलेला आठ जीबीवाला सुरुवातीपासूनच नंतरच्या रिव्हिजनचा आहे, त्यात हा प्रश्न नाही. सेकंडहँड पाय ४ घेणाऱ्यांनी एवढं जरूर बघावं. जुना असला म्हणून टाकाऊ मुळीच नाही, फक्त केबल कुठली लावायची ते माहीत असावं.

टेस्टिंगमध्ये का सापडलं नाही याचा विचार केला तर उत्तर फार गूढ नाहीये. पाय चालवणारा माणूस हाताशी काय घेतो? कंपनीचा अडॅप्टर, नाहीतर फोनचा चार्जर आणि ए-टू-सी केबल. आधीचे सगळे पाय मायक्रो यूएसबीवर चालायचे, तिथे भूमिका ठरवायचा प्रश्नच नव्हता, पाच व्होल्ट आले की चालू. लॅपटॉपची जाड ई-मार्कर केबल २०१९ मध्ये पायच्या टेबलावर सहसा नसायची. आणि ही चूक अशी आहे की नेहमीच्या वापरात शंभर टक्के बरोबर चालते, फक्त एका विशिष्ट जोडीत शंभर टक्के अडते. अशा चुका जास्त तास टेस्ट करून सापडत नाहीत, वेगवेगळ्या प्रकारच्या केबल मुद्दाम गोळा करून सापडतात. टेस्ट बेंचवर साधी सी-टू-सी, ई-मार्कर असलेली सी-टू-सी आणि ए-टू-सी या तिन्ही ठेवल्या असत्या, आणि पीडीवाला एक चार्जर, तर पहिल्या तासात कळलं असतं.

रेझिस्टरने खोटं सांगितल्याची ही एकच गोष्ट नाही. ए-टू-सी केबलमध्ये सी प्लगच्या आत आरपी बसवलेला असतो, कारण जुन्या ए पोर्टला सीसी माहीतच नाही. तिथे ५६ के च हवा, म्हणजे 'साधा करंट, जास्त ओढू नकोस'. २०१५ च्या सुमारास बऱ्याच स्वस्त केबलमध्ये तिथे १० के बसवलेला निघाला, म्हणजे केबल फोनला सांगायची की पलीकडे तीन अँपिअर आहेत, आणि पलीकडे असायचा लॅपटॉपचा बिचारा जुना पोर्ट. ल्युंग यांनी अशा केबल एक एक करून तपासल्या. २०१६ च्या सुरुवातीला तर एका केबलमध्ये तारा इतक्या चुकीच्या जोडलेल्या होत्या की त्यांचा लॅपटॉपच बिघडला. त्याच वर्षी मार्चमध्ये ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबल विकायला बंदी घातली.

आणि आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर ट्रिमर, टॉर्च, गळ्यात घालायचा फॅन, छोटा स्पीकर. सी पोर्ट आहे म्हणून फोनच्या नव्या सी-टू-सी केबलला लावलं आणि चार्ज होत नाही, डब्यातली ए-टू-सी लावली की होतं. हे पाय ४ चं सख्खं भावंड आहे, पण एक पायरी पुढचं: अशा बऱ्याच वस्तूंमध्ये आरडी अजिबात नसतो. जुन्या मायक्रो यूएसबीच्या डिझाइनमध्ये नुसतं सॉकेट बदललेलं असतं, सीसी पिना मोकळ्या. सी चार्जरला दोन्ही बाजूला काहीच दिसत नाही, त्याच्या दृष्टीने पोर्ट रिकामा आहे. लोक दुकानदाराकडे वस्तू परत नेतात, दुकानदार ए-टू-सीवर लावून दाखवतो की चालतेय की, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. भारतात बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं स्टँडर्ड, आयएस/आयईसी ६२६८०-१-३, जाहीर केलं, त्यात हे रेझिस्टर सगळे लिहिलेले आहेत. पण या छोट्या वस्तूंच्या आत ते बसवले गेलेत का, हे बाहेरून सॉकेट बघून कळत नाही.

म्हणून जे स्वतः बोर्ड बनवतात त्यांच्यासाठी थोडं, कारण पुण्यात तपकीर गल्लीतून किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून टाइप-सीचं तयार ब्रेकआउट (सॉकेटच्या पिना बाहेर काढून दिलेलं छोटं बोर्ड) आणून प्रोजेक्टला लावणारी मुलं खूप आहेत, इंजिनियरिंगच्या फायनल इयरची तर हमखास. ब्रेकआउट घेताना सीसी१ आणि सीसी२ बाहेर काढलेत का, किंवा त्यावर आधीच दोन रेझिस्टर बसवलेत का ते बघा. दोन, एक नाही. लिथियम बॅटरी चार्ज करायचे जे छोटे मॉड्यूल टाइप-सी सॉकेटसह मिळतात त्यातही हेच, काहींवर असतात, काहींवर नसतात. पीसीबी स्वतः काढत असाल तर प्रत्येक सीसी पिनपासून ग्राउंडला वेगळा ५.१ के, आणि दोन सीसीच्या ट्रेसचा एकमेकींशी कुठेही संबंध नको. वीज फक्त पाच व्होल्ट हवी असेल तर एवढं पुरतं, चिप लागत नाही.

तपासायला मल्टिमीटर बास आहे. बोर्ड बंद, काही जोडलेलं नाही, ब्रेकआउटची पिन लावून सीसी१ ते ग्राउंड मोजा, ५.१ के यायला हवा, सीसी२ ते ग्राउंड पण ५.१ के. आता खरी परीक्षा, सीसी१ ते सीसी२ मोजा. बरोबर बोर्डावर दोन्ही रेझिस्टर ग्राउंडमार्गे एकामागे एक येतात आणि साधारण १०.२ के दिसतात. पाय ४ च्या पहिल्या रिव्हिजनसारखं असेल तर शून्य. पहिल्या दोन मोजण्या दोन्ही बोर्डांवर सारख्याच येतात, फरक फक्त या तिसऱ्या मोजणीत दिसतो, म्हणून ती टाळू नका. त्यानंतर ई-मार्कर केबल आणि पीडी चार्जर कुणाकडून तरी मागून आणून एकदा प्रत्यक्ष लावून बघा, लॅपटॉपवाला मित्र सगळ्यांनाच असतो.

पाय ५ सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला तेव्हा त्याचा पोर्ट पीडीही बोलायला लागला होता. तो अडॅप्टरला विचारतो की पाच व्होल्टला पाच अँपिअर देतोस का. अडॅप्टर हो म्हणाला तर यूएसबीला जोडलेल्या पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क वगैरेंना मिळून १.६ अँपिअरपर्यंत वाट मोकळी करतो, तसं उत्तर नाही मिळालं तर ६०० मिलिअँपिअरवर रोखून धरतो आणि बाकी काम चालू ठेवतो. त्यामुळे आता पाय ५ वर हार्ड डिस्क मधेच डिस्कनेक्ट होत असेल तर लोक पहिला प्रश्न बरोबर विचारतात, की अडॅप्टर कुठला लावलाय.